मिश्र मार्शल आर्ट्स लढतींचे पूर्वानुमान

मिश्र मार्शल आर्ट्स (संक्षेपाने एमएमए) या क्रीडाप्रकारातील आगामी लढत कोण जिंकेल, कोणत्या प्रकारे जिंकेल आणि कितव्या फेरीत जिंकेल, याविषयी उपलब्ध माहितीच्या आधारे आधीच बांधलेला अंदाज म्हणजे एमएमए लढतीचे पूर्वानुमान होय. क्रीडापत्रकार, माजी खेळाडू, प्रशिक्षक, संख्याशास्त्राचे अभ्यासक, सट्टा चालवणाऱ्या कंपन्या आणि हौशी प्रेक्षक निरनिराळ्या हेतूंनी असे अंदाज वर्तवीत असतात. काटेकोर अर्थाने पूर्वानुमान हे 'अमुक जिंकेल' असे विधान नसून 'अमुक जिंकण्याची शक्यता इतके टक्के आहे' असे विधान असते. या दोन विधानांतील फरक सुटला, की या विषयावरील चर्चा 'मी आधीच सांगितले होते' या एका वाक्यापाशी येऊन थांबते.

संज्ञा व व्याप्ती

मराठीत भविष्य, भाकीत, अंदाज आणि पूर्वानुमान हे शब्द पुष्कळदा समानार्थी म्हणून वापरले जातात. तथापि 'भविष्य' या शब्दाला ज्योतिषाचा वास आहे, तर 'पूर्वानुमान' हा शब्द हवामानशास्त्राने रूढ केला असून त्यात अनिश्चिततेची कबुली अंतर्भूत आहे. उद्या पाऊस पडण्याची शक्यता सत्तर टक्के आहे, असे वेधशाळेने सांगितले आणि पाऊस पडला नाही, तर तेवढ्यावरून वेधशाळा चुकली असे सिद्ध होत नाही. लढतीच्या पूर्वानुमानालाही हेच लागू पडते. म्हणून प्रस्तुत लेखात हा शब्द स्वीकारला आहे.

एमएमए लढतीचा निकाल मुख्यत्वे तीन प्रकारे लागतो : प्रहारांनी (नॉकआउट किंवा पंचाने लढत थांबवल्यास तांत्रिक नॉकआउट), पकडीने (गळा आवळून अथवा सांध्यावर ताण देऊन प्रतिस्पर्ध्यास हार मान्य करावयास लावणे, म्हणजे सबमिशन) आणि गुणांनी (तीन परीक्षकांचा निर्णय). साधारण लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, तर अजिंक्यपदाची लढत पाच फेऱ्यांची असते. विजेता, प्रकार आणि फेरी या तिन्ही गोष्टी अचूक सांगणे हे केवळ विजेता सांगण्यापेक्षा कितीतरी अवघड असते, हे उघड आहे.

पार्श्वभूमी

आधुनिक एमएमएचा प्रारंभ सामान्यतः १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप (यूएफसी) स्पर्धेपासून मानला जातो. त्या स्पर्धेत वजनगट नव्हते, परीक्षकही नव्हते. कोणती युद्धकला श्रेष्ठ, हाच तिचा प्रश्न होता. अंगाने सडपातळ असलेल्या ब्राझीलच्या रॉयस ग्रेसी याने एकाच रात्री तीन प्रतिस्पर्ध्यांना पकडीत अडकवून ती जिंकली. जमिनीवरच्या झटापटीची प्रतिस्पर्ध्यांना फारशी ओळख नव्हती आणि ब्राझिलियन जिउ-जित्सु हेच तिचे शास्त्र होते. त्या काळी कोणाला कोणती विद्या येते एवढे कळले, तरी अंदाजाचे अर्धे काम होत असे.

२००० साली न्यू जर्सी राज्याच्या क्रीडा नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने नियमांना एकसूत्री रूप येऊ लागले. वजनगट, फेऱ्या, निषिद्ध कृती आणि गुणदान निश्चित झाले. पुढे प्रत्येक खेळाडू मुष्टियुद्ध, कुस्ती आणि जिउ-जित्सु या सर्वांचे शिक्षण घेऊ लागला. त्यामुळे 'कुस्तीगीर विरुद्ध मुष्टियोद्धा' असे सोपे समीकरण मोडले आणि पूर्वानुमान हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय बनला.

अंदाज कठीण का ठरतो

पहिले कारण म्हणजे तुटपुंजी माहिती. बुद्धिबळपटू वर्षभरात अनेक डाव खेळतो, टेनिसपटू अनेक सामने खेळतो. एमएमएतील अव्वल खेळाडू मात्र वर्षातून दोन-तीन वेळाच पिंजऱ्यात उतरतो. संपूर्ण कारकिर्दीत वीस-पंचवीस लढती, त्यांतील कित्येक प्रारंभीच्या काळातील, दुय्यम प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या आणि काही पहिल्याच मिनिटात संपलेल्या. एवढ्या सामग्रीवरून खेळाडूच्या खऱ्या सामर्थ्याचे मोजमाप करणे म्हणजे दोन चाचणी परीक्षांवरून विद्यार्थ्याचे वर्षाचे गुण सांगण्यासारखे आहे.

दुसरे कारण खेळाच्या रचनेतच आहे. क्रिकेटमध्ये किंवा फुटबॉलमध्ये एका चुकीची भरपाई करावयास वेळ मिळतो. एमएमएत हातमोजे पातळ असतात आणि एक नेमका प्रहार लढत संपवू शकतो. २० ऑगस्ट २०२२ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे झालेली कामारू उस्मान व लिऑन एडवर्ड्स यांची वेल्टरवेट अजिंक्यपदाची लढत याचे ठळक उदाहरण आहे. चार फेऱ्यांअखेर तिन्ही परीक्षकांच्या तक्त्यांवर उस्मान ३९-३७ असा पुढे होता. पाचवी फेरी एडवर्ड्सने १०-९ अशी जिंकली असती, तरी अंतिम गुण ४८-४७ असे उस्मानच्याच बाजूने राहिले असते. शेवटच्या फेरीची जेमतेम छप्पन्न सेकंदे उरली असताना एडवर्ड्सची डावी लाथ उस्मानच्या डोक्यावर बसली आणि लढत तेथेच संपली. त्या क्षणाच्या आधी कोणी उस्मानच्या विजयाची शक्यता पंचाण्णव टक्के सांगितली असती, तर ती अवास्तव म्हणता आली नसती. उरलेले पाच टक्के मात्र शून्य नव्हते. ऑगस्ट २०१० मध्ये अँडरसन सिल्व्हा व चेल सॉनेन यांच्या लढतीतही असेच घडले होते. चार फेऱ्या मार खाल्लेल्या सिल्व्हाने पाचव्या फेरीत पाठीवर पडलेल्या अवस्थेतून सॉनेनला पकडीत अडकवले.

तिसरे कारण तर्कशास्त्राच्या दृष्टीने अधिक रोचक आहे. अ हा ब पेक्षा मोठा आणि ब हा क पेक्षा मोठा असेल, तर अ हा क पेक्षा मोठा असतो, हे गणितात आपण शिकतो. लढतींना हा नियम लागू पडत नाही. मिडलवेट गटात मे २०१३ मध्ये व्हिटॉर बेलफोर्टने ल्यूक रॉकहोल्डला हरवले. मे २०१५ मध्ये क्रिस वाइडमनने बेलफोर्टला हरवले. डिसेंबर २०१५ मध्ये रॉकहोल्डने वाइडमनला हरवले. तिन्ही लढती निर्णायक होत्या, एकही गुणांवर गेली नाही. मग तिघांत श्रेष्ठ कोण? चाहत्यांमध्ये अशा साखळीवरून निष्कर्ष काढण्याची सवय सर्वत्र आढळते आणि जाणकार तिची थट्टा करतात. अशी वर्तुळे दोन कारणांनी तयार होतात. एकाची शैली दुसऱ्याला जड जाते, पण तिसऱ्याला जात नाही, हे एक कारण. आणि मधल्या काळात माणूसच बदललेला असतो, हे दुसरे. वरील उदाहरणात बेलफोर्टला २०१३ साली टेस्टोस्टेरॉन उपचारांची वैद्यकीय सवलत होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने अशी सवलत देणे बंद केले. नाव तेच असले, तरी दोन वर्षांनी पिंजऱ्यात उतरलेला खेळाडू तोच होता असे म्हणता येत नाही.

विचारात घेतले जाणारे घटक

अंदाज बांधताना वय, उंची, हातांची पोच, उभे राहण्याचा पवित्रा (उजवा की डावखुरा), प्रतिमिनिट बसलेले प्रहार, झेललेले प्रहार, प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर पाडण्याचे व असे पाडणे रोखण्याचे प्रमाण, पूर्वीचे नॉकआउट आणि मागील लढतीनंतरचा खंड हे घटक सहसा पाहिले जातात. यांपैकी पाडणे रोखण्याची क्षमता विशेष महत्त्वाची समजली जाते, कारण लढत उभ्याने व्हावी की जमिनीवर, हे बहुधा तीच ठरवते. कुस्तीत कच्च्या असलेल्या मुष्टियोद्ध्याला आपले कौशल्य दाखवण्याची संधीच मिळत नाही.

तथापि शैलीवरून काढलेले निष्कर्ष फसतात, आणि तेही विचित्र रीतीने. ३ डिसेंबर २०२१ रोजी सिंगापूर येथे वन चॅम्पियनशिप या संस्थेच्या महिला ॲटमवेट ग्रां प्रीचा अंतिम सामना भारताची रितू फोगाट आणि थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स यांच्यात झाला. रितू हरियाणाच्या प्रसिद्ध कुस्ती घराण्यातली, तर स्टॅम्प मुए थायमध्ये वाढलेली. साहजिकच उभ्याने स्टॅम्प आणि जमिनीवर रितू वरचढ, असा सर्वसाधारण आडाखा होता. प्रत्यक्षात दुसऱ्या फेरीत जमिनीवरच स्टॅम्पने रितूचा हात पकडीत घेऊन तिला हार मानावयास लावले. विजेतीचे नाव बरोबर आणि कारण चूक, असे अंदाज त्या दिवशी पुष्कळांचे ठरले असतील. असा अंदाज बरोबर मानावा काय, हा प्रश्न अभ्यासकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

वजन उतरवणे हा घटक प्रेक्षकांच्या नजरेस कमी येतो. खेळाडू लढतीच्या आदल्या दिवशी वजनकाट्यावर उभे राहतात आणि त्यासाठी शेवटच्या काही दिवसांत शरीरातील पाणी मोठ्या प्रमाणावर घटवतात. हा प्रकार जीवघेणा ठरू शकतो. डिसेंबर २०१५ मध्ये चीनचा यांग जियानबिंग हा खेळाडू वजन उतरवताना मरण पावला. त्यानंतर वन चॅम्पियनशिपने वजनाची पद्धत बदलून शरीरातील पाण्याची चाचणी सुरू केली. काट्यावर खेळाडू गळालेला दिसला, की अनुभवी लोक आपला अंदाज बदलतात. पण येथेही ठाम नियम नाही. मे २०२२ मध्ये लाइटवेट विजेता चार्ल्स ऑलिव्हेरा याचे वजन १५५ पौंडांच्या मर्यादेपेक्षा अर्धा पौंड अधिक भरले आणि लढतीआधीच त्याचे अजिंक्यपद गेले. दुसऱ्या दिवशी त्याने जस्टिन गेथजीला पहिल्याच फेरीत हरवले.

ऐनवेळी बदललेला प्रतिस्पर्धी हा आणखी एक घटक. अल्प मुदतीत उभा राहणारा खेळाडू तयारीअभावी हरतो, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो बहुतांशी खराही आहे. परंतु मार्च २०१६ मध्ये सुमारे अकरा दिवसांच्या पूर्वसूचनेवर आलेल्या नेट डियाझने कॉनर मॅकग्रेगरला दुसऱ्या फेरीत हरवले. त्याच वर्षी जूनमध्ये दुखापतग्रस्त वाइडमनच्या जागी आलेल्या मायकेल बिस्पिंगने ल्यूक रॉकहोल्डला पहिल्या फेरीत नॉकआउट करून अजिंक्यपद मिळवले. दीड वर्षापूर्वी याच रॉकहोल्डने बिस्पिंगला सहज नमवले होते. बदललेल्या प्रतिस्पर्ध्यासाठी अल्प मुदतीचा त्रास दुसऱ्या बाजूलाही तितकाच होतो. त्याचीही महिनोन्महिने केलेली तयारी भलत्याच माणसासाठी असते.

गुणांवर जाणाऱ्या लढतींत परीक्षकांचा अंदाज वेगळा करावा लागतो. प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे, बहुधा १०-९ अशी मोजली जाते. परिणामकारक प्रहार व पकड हा मुख्य निकष असून त्यात बरोबरी झाली तरच आक्रमकता इत्यादी गोष्टींकडे पाहावयाचे असते. त्यामुळे तीन फेऱ्या थोडक्यात जिंकून दोन फेऱ्या दणकून हरणारा खेळाडू विजयी ठरू शकतो. फेब्रुवारी २०२० मधील जॉन जोन्स व डॉमिनिक रेयेस यांच्या लढतीवर आजही वाद होतो. तिन्ही परीक्षकांनी जोन्सला विजयी ठरवले, पण एकाच्या तक्त्यावर अंतर ४९-४६ आणि इतर दोघांच्या तक्त्यांवर ४८-४७ होते. पाहणाऱ्यांपैकी कित्येकांच्या मते रेयेस जिंकला होता.

गणिती पद्धती

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे एलो गुणांकन. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने ती बुद्धिबळासाठी तयार केली आणि १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. प्रत्येक खेळाडूला एक गुणांक दिला जातो आणि दोन गुणांकांतील फरकावरून विजयाची शक्यता काढली जाते. फरक १०० असल्यास वरच्या खेळाडूची शक्यता सुमारे ६४ टक्के, २०० असल्यास ७६ टक्के आणि ४०० असल्यास ९१ टक्के येते. निकालानंतर गुणांक बदलतात. बदलाचा कमाल आकडा ३२ धरला, तर ७६ टक्के शक्यता असलेला खेळाडू जिंकल्यावर त्याला जेमतेम आठ गुण मिळतात. तो हरला तर मात्र प्रतिस्पर्ध्याला चोवीस मिळतात. अपेक्षित गोष्ट घडली तर थोडे शिकावे, अनपेक्षित घडली तर अधिक शिकावे, हे तत्त्व त्यामागे आहे. एलो पद्धतीला वय, शैली, दुखापत यांपैकी काहीच कळत नाही, ही तिची मर्यादा. बुद्धिबळात ती फारशी जाणवत नाही, एमएमएत जाणवते.

यापुढची पायरी म्हणजे अनेक घटक एकत्र घेऊन संगणकाकरवी त्यांचे वजन ठरवणे. लॉजिस्टिक समाश्रयण, निर्णयवृक्ष आणि यंत्रशिक्षणाच्या अन्य पद्धती त्यासाठी वापरतात. यूएफसी आपल्या लढतींची तपशीलवार आकडेवारी प्रसिद्ध करीत असल्यामुळे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये हा प्रकल्पाचा लोकप्रिय विषय झाला आहे. अशा प्रकल्पांत दोन चुका वारंवार आढळतात.

पहिली चूक काळाची. २०१६ सालच्या लढतीचा अंदाज तपासताना खेळाडूची आजची कारकिर्दीची सरासरी वापरली, तर त्या सरासरीत २०१६ नंतरच्या आणि खुद्द त्या लढतीच्याही आकड्यांचा समावेश होतो. म्हणजे प्रश्नपत्रिकेबरोबर उत्तरपत्रिकाही हाती दिल्यासारखे झाले. मग अचूकता फार मोठी दिसते आणि पुढच्या खऱ्या लढतीला कोसळते. ज्या दिवशी लढत झाली, त्या दिवशी जेवढे ठाऊक होते तेवढेच वापरावे, हा नियम आहे.

दुसरी चूक कोपऱ्याची. यूएफसीमध्ये विजेत्याला आणि वरच्या क्रमांकाच्या खेळाडूला सहसा लाल कोपरा दिला जातो. त्यामुळे नोंदींत लाल कोपऱ्याचे विजय अधिक असतात. संगणकाला हे कोणी समजावून सांगितले नाही, तर तो 'लाल रंग जिंकतो' एवढेच शिकतो आणि त्याची अचूकता निम्म्याहून बरीच वर दिसते. खेळाविषयी त्याला काहीही कळलेले नसते. यावर उपाय सोपा आहे : दोन्ही खेळाडूंची जागा यदृच्छेने अदलाबदल करून मगच सामग्री वापरावी.

अधिकृत क्रमवारीवर विसंबणे हीदेखील तितकीशी सुरक्षित गोष्ट नाही. यूएफसीची क्रमवारी २०१३ पासून प्रसारमाध्यमांच्या प्रतिनिधींच्या मतदानाने ठरत आली. ती मतांची बेरीज आहे, मोजमाप नव्हे.

भाव आणि संभाव्यता

ज्या देशांत क्रीडासट्टा कायदेशीर आहे, तेथे प्रत्येक लढतीवर भाव जाहीर होतात. अमेरिकेत १४ मे २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर राज्यांना असा सट्टा अधिकृत करण्याची मोकळीक मिळाली. त्याआधी तो मुख्यत्वे नेवाडापुरता मर्यादित होता. पैसे न लावणाऱ्या अभ्यासकालाही भाव उपयोगी पडतो, कारण त्यात बहुसंख्य जाणकारांच्या मतांचे सार उतरलेले असते.

दशांश पद्धतीत एका खेळाडूचा भाव १.५० आणि दुसऱ्याचा २.६० आहे असे समजू. एकाला भावाने भागल्यास अनुक्रमे ६६.७ आणि ३८.५ टक्के येतात. त्यांची बेरीज शंभर होत नाही, १०५.२ होते. वरचे पाच टक्के म्हणजे सट्टा चालवणाऱ्याचा नफा. बेरजेने भागून शंभरावर आणल्यास खऱ्या शक्यता सुमारे ६३.४ आणि ३६.६ टक्के उरतात. पैसे लावणाऱ्याला केवळ बरोबर असून भागत नाही, तर या पाच टक्क्यांहून अधिक बरोबर असावे लागते. बहुसंख्य लोक दीर्घ काळात पैसे गमावतात ते याच कारणाने, आणि जाहिरातींत ही वजाबाकी दाखवली जात नाही.

याहून मोठा सापळा म्हणजे अनेक लढतींचे निकाल एकत्र जोडून लावलेली पैज. एका रात्री बारा लढती आहेत आणि प्रत्येकीत वरचढ खेळाडूची शक्यता सत्तर टक्के आहे असे धरले, तर सरासरी आठ ते नऊ अंदाज बरोबर येतील. परंतु बाराही बरोबर येण्याची शक्यता केवळ १.४ टक्के आहे. प्रत्येक अंदाज शहाणपणाचा असूनही एकत्र जोडलेली पैज जवळजवळ नक्की बुडते.

पूर्वानुमानाची तपासणी

७ एप्रिल २००७ रोजी ह्यूस्टन येथे वेल्टरवेट विजेता जॉर्जेस सेंट-पिएर आणि मॅट सेरा यांची लढत झाली. सेराला ही संधी दूरचित्रवाणीवरील एक स्पर्धा जिंकल्यामुळे मिळाली होती. तो जिउ-जित्सुचा जाणकार, उंचीने लहान. जवळजवळ सर्वांनी सेंट-पिएरला पसंती दिली होती. सेराने पहिल्याच फेरीत ठोशांनी लढत संपवली. ही लढत या खेळाच्या इतिहासातील सर्वांत धक्कादायक निकालांत गणली जाते आणि 'तज्ज्ञांना काही कळत नाही' या मताचा पुरावा म्हणून वारंवार पुढे केली जाते.

तो पुरावा कच्चा आहे. एका लढतीवरून पूर्वानुमान चूक की बरोबर हे ठरवता येत नाही. सेराची शक्यता दहा टक्के सांगितली असेल, तर अशा दहा लढतींत एकदा तो जिंकणे अपेक्षितच होते. एप्रिल २००८ मध्ये माँट्रियल येथे हेच दोघे पुन्हा भेटले. सेंट-पिएरने दुसऱ्या फेरीत सेराला हरवले आणि पुढे २०१३ मध्ये स्वतः पद सोडेपर्यंत अजिंक्यपद राखले. तज्ज्ञांचे मूळ मूल्यमापन मुळीच अवास्तव नव्हते. चूक होती ती ज्यांनी सेराची शक्यता शून्य मानली त्यांची. नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्न येथे रोंडा राउझीवर हॉली होल्मने आणि डिसेंबर २०२१ मध्ये अमांडा न्यूनेसवर जुलियाना पेन्याने मिळवलेले विजय याच प्रकारात मोडतात.

तपासणीची शास्त्रशुद्ध रीत हवामानशास्त्रातून आली. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये मांडलेला ब्रायर गुणांक आजही वापरतात. सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल (विजय १, पराभव ०) यांतील फरकाचा वर्ग करावयाचा आणि अनेक लढतींची सरासरी काढावयाची. गुणांक जितका लहान तितके पूर्वानुमान चांगले. सत्तर टक्के सांगितलेला खेळाडू जिंकला तर ०.०९, हरला तर ०.४९. नव्वद टक्के सांगितलेला जिंकला तर ०.०१, हरला तर मात्र ०.८१. प्रत्येक लढतीला पन्नास-पन्नास टक्के सांगणाऱ्याचा गुणांक कायम ०.२५ राहतो, म्हणजे ज्याचा गुणांक याहून मोठा, त्याने गप्प बसणे बरे. अवाजवी ठामपणाला या पद्धतीत जबर दंड बसतो, हेच तिचे वैशिष्ट्य आहे.

दुसरी कसोटी मेळाची. एखाद्याने ज्या लढतींना साठ टक्के सांगितले, त्या सर्व एकत्र करून त्यांतील खरोखर साठ टक्क्यांच्या आसपास जिंकल्या काय, हे पाहावयाचे. याकरिता शेकडो अंदाजांची लेखी नोंद हवी. ती नोंद ठेवणारे थोडे असतात. स्मरणशक्ती बरोबर आलेले अंदाज जपून ठेवते आणि चुकलेले विसरते, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

आतली माहिती व गैरव्यवहार

पूर्वानुमान सार्वजनिक माहितीवर आधारलेले असते. ज्याला खेळाडूची लपवलेली दुखापत ठाऊक आहे, तो अंदाज बांधत नसतो. ५ नोव्हेंबर २०२२ रोजी लास वेगास येथे डॅरिक मिनर आणि चीनचा शायिलान नुएरदानबिएके यांची लढत झाली. लढतीच्या आधी काही तासांत नुएरदानबिएके पहिल्या फेरीत जिंकेल या बाजूने भाव एकाएकी सरकले. लढत सुरू होताच मिनरने लाथ मारली, त्याचा पाय दुखावलेला स्पष्ट दिसला आणि एक मिनिट सात सेकंदांत पहिल्या फेरीतच तो हरला. चौकशी सुरू झाली. नेवाडा आयोगाने मिनर व त्याचा प्रशिक्षक जेम्स क्रॉस यांचे परवाने निलंबित केले, यूएफसीने क्रॉसच्या हाताखाली सराव करणाऱ्या खेळाडूंना आपल्या स्पर्धांत मज्जाव केला आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने काही काळ यूएफसीवरील सट्टा थांबवला. त्याआधीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, यूएफसीने आपल्या खेळाडूंना संस्थेच्या लढतींवर पैसे लावण्यास बंदी घातली होती.

सांघिक खेळात एका खेळाडूच्या दुखापतीने निकाल थोडा सरकतो. येथे तो पूर्ण उलटतो. दुखापत उघड केली तर लढत रद्द होते आणि मानधन बुडते, म्हणून खालच्या फळीतील खेळाडू ती लपवण्याकडे झुकतात. त्यामुळे वैद्यकीय माहिती दडपण्याचा प्रश्न केवळ सट्ट्याच्या प्रामाणिकपणाचा नसून खेळाडूच्या शरीराचाही आहे.

भारतीय संदर्भ

भारतीय खेळाडूंच्या लढतींचे पूर्वानुमान विशेष अवघड जाते, कारण त्यांच्या पूर्वीच्या लढती बहुतेक देशांतर्गत स्पर्धांतल्या असतात आणि तेथील प्रतिस्पर्ध्यांची आंतरराष्ट्रीय खेळाडूंशी तुलना करण्यास समान आधार नसतो. महाराष्ट्राचा भरत खंडारे २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघाय येथे यूएफसीत प्रथम उतरला, तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी साँग यादाँग हाही नवखाच होता. खंडारे पहिल्या फेरीत गळ्याच्या पकडीने हरला. पुढे साँग बॅन्टमवेट गटातील आघाडीच्या खेळाडूंत गणला गेला. त्या पराभवाचे मोल तेव्हाच्या नोंदींवरून कोणालाच ठरवता आले नसते.

उत्तराखंडचा अंशुल जुबली ऑक्टोबर २०२३ पर्यंत अपराजित होता. अबू धाबी येथे त्याची गाठ यूएफसीत तोवर एकही विजय न मिळवलेल्या माइक ब्रीडनशी पडली. पसंती जुबलीला होती. तिसऱ्या फेरीत ब्रीडनने त्याला नॉकआउट केले. ८ जून २०२४ रोजी अमेरिकेतील लुइव्हिल येथे पूजा तोमर हिने रायान डॉस सांतोस हिच्यावर विभाजित निर्णयाने, म्हणजे तीनपैकी दोन परीक्षकांच्या मतांनी, विजय मिळवला. यूएफसीमध्ये लढत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

भारतात घोड्यांच्या शर्यतींसारखे अपवाद वगळता सट्ट्याला कायद्याने मनाई आहे. मुंबई प्रांतात १८८७ साली झालेला जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांसाठीचे आर्थिक व्यवहार यांवर देशभर बंदी घातली. या कायद्यांचा रोख पैसे लावण्यावर आहे. लढतीचा अभ्यास करून शक्यता मांडणे आणि ती वहीत नोंदवून ठेवणे त्यांच्या कक्षेत येत नाही.